कपाट एकच, किल्लीही माझ्याकडेच: नर्सचे अधिकार आणि आपल्या भागातले पेशंट

रातपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, त्यातली बारा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्टीत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कुणाला अडकवायचं नाही. दोन पेशंटांबद्दल मात्र लिहायचंय, कारण दोघंही एकाच औषधाच्या कपाटासमोर माझ्या पुढ्यात आले होते.

पहिली एक पोर, बाविशीची, आठवा महिना. आषाढातली रात्र, लाईट गेलेली, पत्र्यावर पाऊस असा की फोनवरचं बोलणं ऐकू येईना. सासू आणि दीर तिला जीपमधून घेऊन आले. सासू दारातूनच ओरडली, "आक्का, बघा की ओ, ही कशी तरीच करूलालीय!" डोळे वर गेलेले, दातखीळ, हातपाय ताठ. झटका. बीपी १७० वर ११०. आमचे डॉक्टर ट्रेनिंगला बेळगावात. मॅगसल्फ म्हणजे झटके थांबवायचं इंजेक्शन, त्याच्या एका अँप्युलमध्ये (काचेच्या कुपीत) एकच ग्रॅम असतं. पाच ग्रॅम एका कुल्ल्यात, पाच दुसऱ्यात, म्हणजे दहा अँप्युल फोडायचे. आशाताईनं मोबाईलची बॅटरी धरली, मी एकेक मान मोडत गेले आणि सिरिंजमध्ये ओढत गेले. बोटाला काच लागली होती हे सकाळी कळलं. इंजेक्शनं दिली, डाव्या कुशीवर वळवलं, १०८ आली तशी सिव्हिलला पाठवलं. आई-बाळ दोघं सुखरूप घरी आले.

हे मी माझ्या मनानं केलं नाही. प्रसूतीच्या वेळी काय करायचं याच्या केंद्र सरकारच्या २०१० च्या सूचनांत सरळ लिहिलंय की असा झटका आला तर एएनएमनं (उपकेंद्रातल्या नर्सबाईनं), नर्सनं मॅगसल्फचा पहिला डोस द्यावा आणि मग रेफर करावं. माझं ट्रेनिंग झालं होतं, डोस भिंतीवरच्या तक्त्यावर होता, आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद होता. म्हणून हात थरथरला नाही.

दुसरे एक आजोबा, चौसष्ट वर्षांचे. दोन एकर भात, थोडे काजू. नातवाला ताप होता म्हणून त्याला घेऊन आले होते. बसल्या बसल्या त्यांचा बीपी बघितला तर १९० वर ११०. अर्ध्या तासानं परत बघितला, तेवढाच. आधी कधी गोळी घेतलेली नाही. कपाटात बीपीच्या अम्लोडिपिन गोळीच्या स्ट्रिपा पडून होत्या. पण आमच्याकडचा नियम असा की पहिली चिठ्ठी डॉक्टरची, त्यानंतर पुढच्या महिन्याच्या गोळ्या आम्ही देऊ शकतो. गोळी सुरू करायचा अधिकार आम्हाला नाही. डॉक्टर गुरुवारी येणार होते, तो सोमवार होता. ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरला, दाखवावं तर टॅबला रेंज नाही. मी म्हटलं, मामा, आजच्या आज खानापूरला जा. ते म्हणाले, "लावण चाललीय बाई, संपली की जातो."

अकराव्या दिवशी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अजून कधी बाजाराच्या दिवशी दिसतात, डाव्या हातानं नमस्कार करतात.

गोळी दिली असती तर हे टळलंच असतं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. त्या रात्री दहा ग्रॅम मॅगसल्फ टोचायला मी लायक होते. डोस चुकला तर श्वास बंद पडू शकतो असं ते औषध. आणि त्या सोमवारी पाच मिलिग्रॅमची एक गोळी द्यायला मी लायक नव्हते.

हे असंच असावं का? डॉक्टर मंडळी, मेडिकलवाले, बाहेरगावी असलेल्या नर्स भगिनी, पेशंट, सगळ्यांनी मोकळेपणानं लिहा.

कणकुंबीकर

ताई, वाचून गलबलून आलं. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवळी, पास्तोलीकडच्या लोकांची अवस्था तर याहून बिकट. पावसाळ्यात ओढे भरले की माणूस खांद्यावर घालून आणावा लागतो. तिथे "डॉक्टरला दाखवा" म्हणजे अख्खा दिवस आणि चार माणसांची मजुरी. गावात जी बाई हजर असते तीच आमची डॉक्टर. तिला काय करता येतं आणि काय नाही, हे आम्हाला कुणी कधी सांगितलेलं नाही.

एमओ_घाटमाथा

ताई, मी चार वर्षं कंत्राटी वैद्यकीय अधिकारी (एमओ) होतो, अशाच एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. तुमच्याबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो.

मॅगसल्फचं उदाहरण चपखल आहे, पण तिथे प्रसंग एकच, डोस एकच, आणि पुढे लगेच रेफर. बीपी ही वर्षानुवर्षांची गोष्ट. आज अम्लोडिपिन दिली, उद्या पाय सुजले म्हणून कुणी लघवीची गोळी जोडली, परवा कपाटात एनालाप्रिल ही बीपीची दुसरी गोळी आहे म्हणून ती दिली, आणि समोरची बाई दोन महिन्यांची गरोदर निघाली. एनालाप्रिलच्या जातीच्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक. लघवी, क्रिएटिनिन, ईसीजी यांतलं काहीच न बघता सुरुवात करायची सवय लागली की ती वाढत जाते. मी बघितलंय. चांगल्या नर्सच्या हातून नव्हे, तिच्या नावावर दुकान मांडणाऱ्यांच्या हातून.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. उपकेंद्रातला सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) ही आरोग्य खात्याची नेमणूक. बीएस्सी नर्सिंग, जीएनएम किंवा बीएएमएस झालेल्यांना कम्युनिटी हेल्थचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन ती होते, २०१८ च्या आयुष्मान भारतनंतर ती सगळीकडे आली. नॅशनल मेडिकल कमिशन कायदा २०१९ च्या कलम ३२ मधला 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' हा वेगळा. त्या कलमात मर्यादित परवान्याची तरतूद आहे: प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारात ठरलेली औषधं स्वतःच्या अधिकारात, त्यापलीकडे नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाच्या आत. याच कलमावरून ३१ जुलै २०१९ ला देशभरचे डॉक्टर संपावर गेले होते. मीही त्यात होतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. माझी भीती एकच होती: शहराला डॉक्टर आणि खेड्याला अर्धा डॉक्टर, अशी कायमची वाटणी होऊन बसेल.

आणखी एक. सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात ॲलोपॅथीची औषधं देणाऱ्या होमिओपॅथला दोषी धरलं. ज्या पद्धतीचं शिक्षण आणि परवाना नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा, असं कोर्ट म्हणालं. ताई, त्या सोमवारी तुम्ही गोळी दिली असती आणि काही विपरीत झालं असतं, तर तुमच्या बाजूनं उभं राहायला कुणाकडेही कागद नव्हता. नियमानं तुम्हालाही वाचवलं.

निपाणी_मेडिकल

काउंटरवरून दिसतं ते सांगतो. माझ्याकडे तीन प्रकारच्या चिठ्ठ्या येतात. डॉक्टरची. जिच्यावर नावही नाही नि नंबरही नाही अशी. आणि सिस्टरनं वहीच्या पानावर व्यवस्थित लिहिलेली, वजन, वय, डोस सगळं. तिसरी वाचायला सगळ्यात चांगली असते आणि तिच्यावर मी शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध देऊ शकत नाही. शेड्यूल एच वन मधलं असेल, म्हणजे भारी अँटिबायोटिक किंवा टीबीचं औषध, तर पेशंटचं आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव रजिस्टरला चढवावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. तिथे सिस्टरचं नाव कसं लिहू?

सरकारी उपकेंद्रातून सरकारी कार्यक्रमाची औषधं नर्स, एएनएम देतात, त्याला औषध नियमांच्या शेड्यूल के मध्ये सूट आहे. म्हणजे तीच बाई, तीच गोळी, सरकारी कपाटातून दिली तर चालते. कपाट रिकामं झालं आणि तिनं चिठ्ठी लिहून माझ्याकडे पाठवलं की पेशंट परत जातो. माझ्या दुकानातून परत गेलेला पेशंट डॉक्टरकडे जात नाही, घरी जातो.

रातपाळी

@एमओ_घाटमाथा सर, एनालाप्रिलचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. मला सगळं कपाट नकोच आहे. मला एक कागद हवा आहे, मॅगसल्फसारखा. अमुक आकड्याच्या वर, दोनदा मोजून, गरोदर नाही याची खात्री करून, छातीत दुखत नाही, तोंड वाकडं नाही हे बघून, एक गोळी, सात दिवसांची, आणि सात दिवसांत डॉक्टर. बस एवढंच.

नियमानं मला वाचवलं हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. रात्रभर तोच विचार करत बसले होते. मी वाचले, सर. मामा नाही वाचले.

एल_पासोची_पाहुणी

माहेर निपाणी, सासर बेळगाव, आता अकरा वर्षं टेक्सासमधल्या एल पासोला. मी नर्स प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स. ज्या अधिकाराबद्दल तुम्ही बोलताय तेच माझं काम. इथलं थोडं लांबण लावून सांगते, कारण गंमत वाटेल इतकं ते आपल्या सीमाभागासारखं आहे.

हे पद इथे १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झालं. लोरेटा फोर्ड या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं मिळून. कारण तेच, खेड्यात मुलांना बघायला डॉक्टर नव्हते. आज मास्टर्स किंवा डॉक्टरेट आणि वर राष्ट्रीय परीक्षा झाल्याशिवाय कुणी स्वतःला नर्स प्रॅक्टिशनर म्हणवू शकत नाही. म्हणजे सहा महिन्यांचा कोर्स आणि हे पद यांची तुलना नको, सरांची भीती त्या बाबतीत रास्त आहे.

पण अधिकार किती हे प्रत्येक राज्य ठरवतं. निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासते, निदान करते, औषध लिहिते. बाकीच्या राज्यांत डॉक्टरशी करार लागतो. टेक्सास त्या करारवाल्या राज्यांत. आणि एल पासो शहर संपलं की न्यू मेक्सिको लागतं, तिथे करार लागत नाही! माझी मैत्रीण तिकडे जाते, मी इकडे. शिक्षण तेच, परीक्षा तीच, पेशंटही बऱ्याचदा एकाच घरातले. तिची सही चालते, माझ्या सहीमागे डॉक्टरशी केलेला कागद लागतो. आमचे डॉक्टर दुसऱ्या शहरात बसतात, ठरल्याप्रमाणे बैठक होते, काही केसपेपर बघितले जातात. ते प्रामाणिक आहेत, माझ्या शंकांना रात्रीसुद्धा उत्तर देतात. पण ते उद्या निवृत्त झाले आणि दुसरं कुणी मिळालं नाही, तर माझ्या पेशंटांची औषधं त्या दिवशी थांबतील. माझं ज्ञान कमी झालं म्हणून नव्हे, त्यांची सही गेली म्हणून.

"पेशंटचं काय होतं" यावर इथे खूप अभ्यास झालाय. न्यूयॉर्कमध्ये १३१६ पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिले, काही डॉक्टरांकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरांकडे. २००० साली तो प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी दोन्हीकडच्यांच्या तब्येतीत लक्षणीय फरक नव्हता. बीपीच्या पेशंटांत खालचा आकडा नर्सकडे सरासरी ८२ होता, डॉक्टरांकडे ८५. या अभ्यासातली एक गोष्ट मी मुद्दाम सांगते: तिथल्या नर्सना डॉक्टरांएवढाच अधिकार दिला होता. अधिकार, जबाबदारी आणि प्रयोगशाळा, तिन्ही. नुसतं काम दिलं नव्हतं. पुढे २०१८ मध्ये अशा १८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, निष्कर्ष साधारण तोच. नर्स पेशंटला वेळ जास्त देतात हेही त्यात दिसलं.

ब्रिटनमध्ये २००६ पासून वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या नर्स जवळजवळ सगळी औषधं स्वतः लिहून देऊ शकतात. तिथे काही डॉक्टर संपले नाहीत.

चंदगडची_लेक

राज्यांच्या सीमेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मी कोल्हापुरात शिकले, नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. घरापासून बेळगाव जवळ, म्हणून इकडे एका खाजगी दवाखान्यात लागले. कर्नाटक कौन्सिलची नोंदणी होईपर्यंत कित्येक महिने गेले. तेवढे महिने मी कागदावर 'असिस्टंट', पगारही तेवढाच, आणि रात्री सतरा बेडचा वॉर्ड मात्र माझ्या एकटीवर.

एका रात्री एका काकांच्या सलाईनमध्ये पोटॅशियम चाललं होतं आणि लघवी संध्याकाळपासून झालीच नव्हती. लघवी नसेल तर पोटॅशियम अंगात साठत जातं, म्हणून मला खटकलं. मी सलाईन थांबवलं आणि ड्युटी डॉक्टरना उठवलं. त्यांनी येऊन बघितलं, बरोबर केलंस म्हणाले. पण केसपेपरवर मी लिहू शकत नव्हते, कारण माझी सही तिथे चालत नव्हती. कागद वाचला तर दिसेल की त्या दोन तासांत काहीच घडलं नाही. सकाळच्या पाळीला मी तोंडी सांगितलं. तोंडी सांगितलेलं विसरलं असतं तर?

२०२३ मध्ये संसदेनं नर्सिंग आणि मिडवायफरीचा नवा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. त्यात देशभराचं एकच ऑनलाइन रजिस्टर ठेवायचं म्हटलंय. ते नीट चालू झालं तर सीमा ओलांडून येणाऱ्या माझ्यासारख्या पोरींचे महिने वाचतील. पेशंटची भाषा येणारी नर्स त्याच्या उशाशी असणं हाही उपचारच आहे. आमच्याकडची म्हातारी "पोटात कालवतंय" म्हणते, "काळीज धडधडूलालंय" म्हणते. हे कन्नड फॉर्मच्या रकान्यात कुठे भरायचं ते तिला कळत नाही, मला कळतं.

आयसीयूवाली

माझ्या ओळखीची एक मुलगी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स करून आली. व्हेंटिलेटर तिला असा कळतो की ज्युनियर डॉक्टर तिला विचारतात. पण त्या नावाचं पदच दवाखान्यात नाही. स्टाफ नर्सच्या यादीत नाव, स्टाफ नर्सचा पगार, स्टाफ नर्सची सही. आता ती आयर्लंडची परीक्षा देतेय. कोर्स आधी काढला, अधिकार आणि पद मागे राहिलं. प्रसूतीसाठी २०१८ च्या धोरणात दीड वर्षाचं नर्स प्रॅक्टिशनर मिडवाईफचं प्रशिक्षण आलं, तिथे तरी असं होऊ नये.

एमओ_घाटमाथा

@एल_पासोची_पाहुणी, अधिकार, जबाबदारी आणि प्रयोगशाळा तिन्ही दिलं होतं, हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याकडे पहिलं नाही, तिसरं नाही, मधलं तेवढं नर्सच्या गळ्यात.

@रातपाळी ताई, तुमच्या सात दिवसांच्या कागदाला माझा विरोध नाही. उलट माझं म्हणणं आहे की तो एमओनं आणि नर्सनं एकत्र बसून लिहावा, आणि त्यावर एमओनं सही करावी. मी तिथे असतो तर केली असती. आकडा ठरवू, कोणाला द्यायची नाही याची यादी आधी लिहू. प्रत्येक पेशंटची वही ठेवू, महिन्याला मी ती बघेन, चूक दिसली तर तुम्हाला सांगेन, तुम्हाला माझी दिसली तर तुम्ही मला सांगाल.

फक्त एक धोका ध्यानात घ्या. असं काही करायचं तर वरून, केंद्राच्या कायद्याला धरून व्हायला हवं. आसामनं २००४ मध्ये स्वतःचा कायदा करून तीन वर्षांचे ग्रामीण आरोग्यसेवक तयार केले. गुवाहाटी हायकोर्टानं २०१४ मध्ये तो कायदा रद्द केला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राच्या हातात. मधल्या मध्ये शिकलेली पोरं आणि त्यांचे पेशंट लटकले. आपल्या नर्सचं तसं व्हायला नको.

निपाणी_मेडिकल

सर, त्या कागदाची एक प्रत मेडिकलवाल्यांकडेही ठेवा. म्हणजे कपाट रिकामं असेल तेव्हा आम्हाला कळेल की ही गोळी कुणाच्या सहीनं चाललीय. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी नंबर असला की माझी अडचण मिटते.

कणकुंबीकर

एवढं सगळं वाचल्यावर एक घरगुती विचारतो, रागावू नका. आईला चार वर्षं बीपी आहे, बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे, पण दर महिन्याला तिला एसटीनं नेणं होत नाही. मध्ये दोन महिने गोळ्या बंदच होत्या. उपकेंद्रात मिळतील का?

रातपाळी

भाऊ, रागवायचं काय त्यात, हेच विचारायला हवं होतं. चिठ्ठी डॉक्टरची आहे म्हणजे पुढच्या गोळ्या सीएचओ देऊ शकतात. आधी तुमच्या पीएचसीच्या डॉक्टरांना एकदा दाखवून त्यांच्या कार्डावर चढवून घ्या, म्हणजे महिन्याच्या महिन्याला उपकेंद्रात मिळतील. दोन महिने बंद होत्या हे मात्र त्यांना सांगा, लपवू नका, डोस परत बघावा लागेल. जाताना आईंना घेऊन जा, सकाळी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत टाका, रिकाम्यासुद्धा. कंबरदुखीची गोळी मेडिकलमधून आणून खात असतील तर तीही.

आणि ती चिठ्ठी लॅमिनेट करू नका. बरेच जण जपायला म्हणून करतात. तिच्यावर आम्हाला दर वेळी तारीख आणि बीपी लिहायचा असतो.